आईची कावीळ

मंगळवार, १६ सप्टेंबर १९९७
सातारा

आज सांगलीला डॉक्टरांसमोर धडधडीत खोटं बोलले. काय झालं मला?

ताईचा स्तन काढला तेव्हा तिच्या डॉक्टरांनी निरोप दिला होता, आई आणि मावशी दोघी याच कॅन्सरने गेल्यात, तर धाकटीनेही दुखणं यायच्या आधीच दोन्ही काढायचा विचार करावा. तेच विचारायला गेले होते. पण शेजारी हे बसलेले. ताईची पिशवी काढली, एवढंच यांना ठाऊक. म्हणून कुठंतरी वाचलंय असं सांगून मी ऑपरेशनचं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "माहेरी कुणाला होता?"

"नाही. आई काविळीने गेली."

तोंडातून आपोआपच निघालं. आई गेली त्या दिवशी आत्याने आम्हा बहिणींना बजावलं होतं, "तुमची लग्नं व्हायची हायत. कुणी इचारलं तर कावीळ म्हणायचं." तेव्हापासून कावीळच.

"मग चांगलं शरीर कशाला कापायचं?" डॉक्टर हसले. हेही हसले. येताना स्टँडवर मला गजरा घेतला. मी तो माळला. कापून घ्यायची भीती वाटते, आणि न कापता आईसारखं जायची तर त्याहून जास्त. यांना सांगू का? कसं सांगू?

संध्याकाळी मनी वही घेऊन आली. शाळेत आजीवर निबंध लिहायचाय.

"आई, तुझी आई कशाने गेली गं?"

हे समोरच चहा पीत होते.

"काविळीने."

तिने वळणदार अक्षरात लिहून घेतलं.