उजव्या हाताची पट्टी

३ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

माझ्या दुसरीच्या वर्गात यंदा अठ्ठावीस मुलं आणि सात घरभाषा आहेत. त्यातली एक नवी मुलगी, चिमणी. तिची भाषा वर्गात कुणालाच येत नाही, आणि तीन महिन्यांत ती एक शब्दही बोललेली नाही. मुख्याध्यापिका म्हणतात, हिला बालवाडीत बसवा. पण चित्र काढून गणित दिलं की ती झटकन सोडवते गं. लहानग्यांत बसवलं तर कायमची मिटून जाईल.

निर्णय वीस तारखेला. त्याआधी तिच्या आईशी बोलायला हवं, तर ती येतच नाही. तीन चिठ्ठ्या झाल्या. मग तिच्या भाषेत लिहून घेतलेला कागद फाटकापाशी दिला, तर चष्मा घरी राहिल्याची खूण करून निघून गेली. दुसऱ्यांदाही तेच. आईलाच काळजी नाही, असं आता मलाही वाटायला लागलंय.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तरी तक्रार नाही.

तुझी,
मास्तरीण

८ फेब्रुवारी

चि. मास्तरणीस,
अ. आ.

पत्र तुझ्या बापाने वाचलं, उत्तरही तोच लिहितोय. तेव्हा कोंबडीच्या पायांचं अक्षर माझ्या माथी मारू नकोस.

एवढी शिकलीस आणि इतकं कळलं नाही? त्या बाईकडे चष्मा नाहीच. तिला वाचताच येत नाही, कुठल्याच भाषेत. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. तुझा बाप शाळेत होता तेव्हा निकालावर सही करायला बोलावत. मी उजव्या हाताला पट्टी बांधून जायची. भाजलं म्हटलं की मास्तर बिचारे सही सोडून देत. पाच वर्षांत पाच वेळा भाजलं. त्यांना वाटलं असेल, ही बाई चूल पेटवते की घर?

इथे तुझ्या बापाने लिहिणं थांबवलंय. त्याला हे आजच कळलं. म्हणतो, दर वेळी आठ-आठ दिवस भांडी मी घासली. घासलीस तर काय झिजलास का, असं मी म्हणाले. तेही लिहायला लावलंय.

काळजी नव्हती म्हणून नाही गं. पोराला चारचौघांत लाज वाटू नये म्हणून. हे नीट लिही रे.

तर कागद नेऊ नकोस. तिच्या कामावर रिकाम्या हाताने जा. आणि तिला सांगत बसू नकोस, विचार. आम्हाला सांगणारे उदंड असतात.

आशीर्वाद कमी पडले तर कळव.

तुझी आजी

२१ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

गेले. ती एका मोठ्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. तिथली घड्या घालणारी बाई दोन्ही भाषा जाणते, ती मध्ये बसली. मी विचारलं, चिमणी घरी बोलते का? आई हसतच सुटली. म्हणाली, तिला गप्प कसं करायचं ते तुम्ही शिकवा. घरी ती धाकट्या भावंडांची शाळा भरवते आणि माझी नक्कल करते म्हणे.

काल आई तिच्या त्या मैत्रिणीला घेऊन शाळेत आली. मुख्याध्यापिकांनी फॉर्म पुढे केला. आईने तो हातात घेतला, परत टेबलावर ठेवला आणि सावकाश बोलली. मैत्रिणीने आम्हाला सांगितलं, “मला वाचता येत नाही. माझ्या मुलीला येईल.”

मुख्याध्यापिका खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या आणि फॉर्म ओळ न् ओळ वाचून दाखवला. घरच्या शाळेचं ऐकल्यावर ठरलं, चिमणी माझ्याच वर्गात राहणार, रोज तासभर भाषेची वेगळी शिकवणी. आणि तिच्या घरी सूचना यापुढे फोनवर, त्यांच्या भाषेत.

बाबांना भांड्यांबद्दल माझी सहानुभूती. माया असू दे.

तुझी,
मास्तरीण

२७ फेब्रुवारी

चि. मास्तरणीस,
अ. आ.

त्या बाईचं वाक्य तुझ्या बापाकडून दोनदा वाचून घेतलं. परक्यासमोर तसं म्हणायला माझी जीभ आजवर कधी रेटली नव्हती. काल दवाखान्यात नर्सने माझा कागद माझ्याच हाती दिला, तेव्हा म्हणून टाकलं, मला वाचता येत नाही, तूच वाच. आभाळ काही कोसळलं नाही. तिने शांतपणे सगळा वाचला.

त्यात शेवटची ओळ होती, साखर पूर्ण बंद. तीन वर्षं हा पठ्ठ्या ती गाळून वाचत होता, आई हिरमुसेल म्हणून. आता लिहिताना मान वर करत नाही.

साखर बंद झाली, तू लोभ बंद करू नकोस.

तुझी आजी