समोरच्या टाकीतलं शेवाळ

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून खुर्चीत बसूनच घातला, गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू. माझ्या पोटात दुखतंय, आणि ते औषधाने थांबणारं नाही.

गेल्या वर्षी मी काचेच्या टाकीत दोन न्यूट पाळले. (दिसायला पालीसारखे, पण बेडकाच्या नात्यातले, पाण्यात राहणारे. तू फोनवर ‘शी’ म्हणाली होतीस, तेच.) मी आणले म्हणून पंधरा दिवसांत समोरच्या दारातल्या दातांच्या डॉक्टरांनीही आणले. तेही मी चालवून घेतलं. पण त्यांच्या टाकीत बोटसुद्धा न हलवता शेवाळ आलं, दगडांवर, काचांवर, मखमल अंथरल्यासारखं. दुकानदार म्हणतो, शेवाळ असलं की या जीवांना आडोसा मिळतो आणि त्यातले बारीक किडे खायला मिळतात. माझी टाकी मात्र धुतलेल्या बशीसारखी लखलखीत. उजेडाने शेवाळ धरतं म्हणून मी ती खिडकीत नेली, तर पाणी तापलं आणि धाकटा न्यूट बाहेर पडून माझ्या चपलेत जाऊन बसला. (पाय घालण्याआधी दिसला, हे नशीब त्याचं की माझं, कोण जाणे.) मग टाकी परत बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या सावलीत आणली, वर दिवा लावला, पाणी बदलणं कमी केलं. तरी संध्याकाळी बाइंडिंगच्या कारखान्यातून आलो की काच कोरी करकरीत.

वर आमची ही रोज सांगणार, ‘डॉक्टरांची टाकी बघितली की डोळे निवतात.’ बावीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही वस्तूने हिचे डोळे निवलेले मला आठवत नाहीत. शेवटी रविवारी मी दाढ दुखतेय असं सांगून डॉक्टरांकडे गेलो आणि ते हात धुवायला आत गेले तेवढ्यात त्यांच्या टाकीतला एक हिरवा खडा खिशात घातला. दुर्दैवाने एक दाढ खरोखरच किडलेली निघाली. ती मी ओल्या खिशानिशी काढून घेतली. घरी येऊन खडा टाकीत ठेवला, आणि सोमवारी संध्याकाळी बघतो तर पांढराफटक.

हिला विचारलं. म्हणाली, “घाण झाला होता. ब्रशने घासला.”

“आणि काचा?”

“त्या रोजच घासते.”

“मग समोरची घाण बरी चालते तुला?”

“ते त्यांचं घर आहे,” म्हणाली आणि आत गेली. ताई, चार महिने मी दिव्याला दोष देत होतो.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : मूळ मुद्दा हा, की गुडघ्याचं निमित्त करून हिला पंधरा दिवस तुझ्याकडे बोलाव. तेवढ्यात शेवाळ धरेल. मी सुचवलं हे कळता कामा नये.

ता. क. : ताई, हे मी लिहितेय, तुमची भावजय. जन्म खळ लावण्यात गेलेल्या माणसाने पाकीट न चिकटवताच पोस्टात टाकायला माझ्या हाती दिलं. गुडघा खरंच दुखत असेल तर मी येते, नाहीतर इथून हलता येणार नाही. डॉक्टरांच्या टाकीत आता न्यूट नाहीत. उकाड्यात दोन्ही गेले. शेवाळ इतकं दाट आहे की बाहेरून कळत नाही, आणि यांना कळू नये अशी डॉक्टरांची फार इच्छा आहे. दुपारी दवाखाना बंद झाला की ते दारात खुर्ची टाकून आमचे दोन बघत बसतात. काच हिरवी झाली तर त्यांना दिसणार कसे?