झोपेत उघडणारं तोंड

८ नोव्हेंबर, मांडवी (कच्छ)
अखेर हक्काची खोली मिळाली. दर्यावर्दी खारव्यांच्या गल्लीत, जेठीबांच्या घराचा वरचा मजला. खिडकीतून गोदीत बांधायला घेतलेल्या लाकडी गलबताच्या फासळ्या दिसतात. कन्याशाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू होऊन दोनच दिवस झाले, पण मुली गुणी आहेत. कारकून मला आतापासूनच टरकून असतो, हेही बरंच.

जेठीबा सत्तरीच्या, काडीसारख्या वाळक्या, जीभ मात्र कात्री. माझं मशीन बघून म्हणाल्या, बेन, तुम्ही मास्तरीण का डॉक्टरीण? मी सांगितलं की मी घोरते, आणि झोपेत गळा मिटून श्वास बंद पडतो, तासाला चाळीस वेळा. हे मशीन रात्रभर नळीतून नाकात हवा फुंकतं, म्हणून जिवंत आहे. त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, आमचे लोक वारा शिडात भरतात, तुम्ही नाकात भरता!

इलाला जामनगरला फोन केला. म्हटलं, तुझी मोठी बहीण मजेत आहे.

१० नोव्हेंबर
सकाळी उठले तर जीभ टाळ्याला चिकटलेली. घसा लाकूड. मशीनच्या पडद्यावर तांबडी खूण: हवा गळतेय. भुजच्या परेशभाईंना फोन लावला, मशीनची देखभाल तेच करतात. म्हणाले, बेन, झोपेत तुमचं तोंड उघडतंय. नाकातून गेलेली हवा तोंडावाटे पळते, पंक्चर ट्यूबसारखी. हनुवटी वर धरून ठेवणारी पट्टी बसने पाठवतो, आणि हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या डबीची ओल दोन घरं वाढवा.

१३ नोव्हेंबर
काल पट्टी बांधून झोपले. सकाळी ती उशीशेजारी घडी करून ठेवलेली. गळती एक चाळीसला सुरू, चार दहाला बंद. आदल्या रात्रीही हीच वेळ होती. घडी घालायची सवय माझीच, झोपेतही जात नसावी.

जेठीबा सकाळीच बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी घेऊन वर आल्या. चेहरा उजळलेला. आपणहून मुलाबद्दल बोलल्या. वेलजी. अकरा वर्षांपूर्वी त्याचं गलबत समुद्रापलीकडच्या सलाला बंदराच्या अलीकडे बुडालं. बाकीच्यांची प्रेतं मिळाली, त्याचं नाही. म्हणून खाली भिंतीवरच्या त्याच्या फोटोला त्यांनी हार घातलेला नाही. माती हाताला लागल्याशिवाय हार कसला, म्हणाल्या.

१६ नोव्हेंबर
औषधांच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी ओठांवर लावून झोपले. सकाळी ती पलंगाच्या खांबाला चिकटवलेली. एकही सुरकुती नाही.

पाण्याच्या डबीच्या कडेला पांढरा थर आहे. मी फक्त शुद्ध केलेलं बाटलीतलं पाणी घालते. बोट लावून चाखलं. मीठ.

मशीनमधलं रात्रीच्या नोंदींचं कार्ड परेशभाईंकडे पाठवलं होतं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आधी इकडचंतिकडचं बोलले, मग म्हणाले, बेन, राग मानू नका, तुम्ही रात्री कुणाशी बोलता का? तोंड नुसतं उघडं राहिलं तर हवा सलग जाते. तुमची तुकड्यातुकड्यांत जाते. थोडी जाते, मग थांबते, पुन्हा जाते. समोरच्याचं ऐकून घ्यावं तशी.

१८ नोव्हेंबर
काल उशीखाली मोबाईलवर आवाज भरून घेतला. घरी ऐकायचा धीर झाला नाही. शाळेत, माझ्या खोलीचं दार लावून भर दुपारी ऐकला.

पहिले दोन तास मशीनची घरघर. मग जिना वाजतो. किल्ली फिरते. माझ्या ओठांवरची पट्टी निघाल्याचा बारीक आवाज. आणि मग माझ्या तोंडातून एक पुरुष बोलतो. कच्छी बोलतो. मला बाजारापुरतीसुद्धा ती भाषा धड बोलता येत नाही. मां, म्हणतो. गोडं पाणी दे, म्हणतो. जेठीबा रडत विचारतात, थंडी वाजते का रे, सोन्या?

घरी येऊन जाब विचारला. त्या नाकारतील असं वाटलं होतं. त्यांनी माझे पाय धरले. पहिल्या रात्री घोरणं ऐकून दार ठोकायला वर आल्या होत्या, तर उघड्या तोंडातून मां अशी हाक आली. अकरा वर्षांनी. म्हणाल्या, बेन, तुमच्या तोंडाचं काय जातं हो? आजची एक रात्र द्या. कुठं पडलाय एवढं विचारते, फोटोला हार घालते आणि मोकळी होते.

मी तेव्हाच निघायला हवं होतं. पण ते सुरकुतलेले हात माझ्या पावलांवर होते, आणि मी हो म्हटलं. पट्टी आज मी लावणारच नाही.

१९ नोव्हेंबर
हार घातलेला नाही. विचारलं तर जेठीबा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, तो म्हणतो पडून कशाला राहू, आता ऊब मिळाली.

ऊब. माझ्याच अंगाची.

२० नोव्हेंबर
खालून सुक्या बांगड्याचा वास आला. आमच्या वैष्णवांच्या घरात अंडंही शिवत नाहीत. मी खाली उतरले आणि तीन बांगडे खाल्ले. काटे बोटांनी सराईतपणे काढले. जेठीबा भात वाढत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

वर येऊन ओकले. नुसतं पाणी पडलं. खारट.

२१ नोव्हेंबर
मशीन बंद ठेवून झोपून पाहिलं. गळा मिटला की नेहमी दचकून जाग येते. काल जाग आली ती डोक्यापर्यंत पाण्यात बुडाल्यासारखी, वर हिरवट उजेड, आणि माझ्या खांद्यावर कुणाचा तरी पाय — मला ढकलून तो वर निघालेला.

मशीन पुन्हा लावलं. न लावून करणार काय.

२२ नोव्हेंबर
रात्रभर जागले. दुपारी शाळेत खुर्चीवरच डोळा लागला. जाग आली तेव्हा दारात सातवीच्या मुली थिजून उभ्या होत्या. कारकुनाने विचारलं, बाई, आत कोण पुरुष शिव्या देत होता?

तशीच घरी आलो.

आलो? आले. घरी आले. खोडते.

२३ नोव्हेंबर
इलाला फोन केला. सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, भाई, तुम्ही कोण बोलताय कळत नाही, जरा तरुबेनला फोन द्या ना.

मी ओरडून म्हटलं, मीच तरुलता. ती घाबरली. तिने फोन ठेवला.

बॅग भरली आहे. पहाटेची जामनगरची गाडी. पट्टी, चिकटपट्टी, दोन्ही लावून बसणार — झोपायचं नाही —

२४ नोव्हेंबर
डोळा लागलाच. बॅग रिकामी. साड्या नाहीत. खुंटीवर एक लुंगी आणि जुना सदरा, नीट इस्त्री केलेला. दाराला बाहेरून कडी. जेठीबा पलीकडून म्हणतात, बेन, थोडंच राहिलं, धीर धरा. मी हाका मारतो — मारते — मारते — गल्लीतून कुणी वर बघत नाही. आवाज जाड —

मशीनचं बटण दाबलं तरी बंद होत नाही —

२६ नोव्हेंबर
आज मांने डोक्याला तेल लावून दिलं. अंगण झाडून काढलं मी. उद्या गोदीत जाऊन नव्या गलबताच्या नाखव्याला भेटणार, काम मागणार. तो फोटो मांने भिंतीवरून उतरवला. भिंतीवर चौकोन उरलाय.

झोप मात्र लागत नाही नीट. डोळा मिटला की माझं तोंड उघडतं आणि आतून कुणी बाई बोलायला लागते. रडते. कुणा इलाला हाका मारते. मां म्हणाली, घाबरू नकोस वेलजी, ती पट्टी आहेच, आज रात्रीपासून घट्ट बांधू, म्हणजे ती —

इला मी आहे मी अजून इथेच आहे मी गेले नाही इला पट्टी बांधायच्या आत ये मी गे