वेस्ट इंडियन, हंगेरियन आणि आपली मागची खोली

संगमनेर,
दि. २ मे १९७१

राजमान्य राजेश्री श्रीमंतराव यांच्या सेवेशी, आपल्या थोरल्या भगिनींचे यजमान रंगनाथ यांचा साष्टांग नसला तरी कमरेपर्यंतचा नमस्कार (पाठ धरली आहे, त्याखाली जाववत नाही).

तिकडची थंडी आता ओसरली असेल. नसल्यास आपल्या गुडघ्यांनी तिच्याशी काही तडजोड केली असेल, अशी आशा करतो. इकडे ऊन असे आहे की प्रवरेत पाय बुडवायला गेलेला मनुष्य पाय भाजून घरी येतो. आपल्या आडाला तीन हात पाणी उरले आहे. तुमच्या ताई बऱ्या आहेत. इतक्या बऱ्या की अधूनमधून मला माझीच काळजी वाटते. पाठ सोडली तर माझी प्रकृतीही उत्तम आहे. घरात तिची चौकशी कुणी करत नसल्यामुळे ही बातमी सातासमुद्रापार तुम्हालाच सांगणे भाग पडले.

तुमचा प्रबंध पोचला. एकशे अठरा टंकलिखित पाने अकरा आठवडे बोटीने प्रवास करून आली. 'एवढ्या लांबून रद्दी कोन धाडतं हो, गुरुजी?' असे पोस्टमनने विचारले तेव्हा मी तुमची बाजू घेतली नाही, कारण तोवर मी ती वाचली नव्हती. बर्मिंगहॅममधील वेस्ट इंडियन आणि हंगेरियन स्थलांतरितांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा तौलनिक अभ्यास, असे लांबलचक शीर्षक मी मोठ्याने वाचले, त्यावर तुमच्या ताई एवढेच म्हणाल्या, 'सख्ख्या बहिणीला वर्षाकाठी चार ओळी लिहायला ह्याला फुरसत नाही, आणि ह्या लोकांवर पोतंभर!' मी त्यांची समजूत घातली की दिवसा बसकंपनीच्या कचेरीत बसून आणि संध्याकाळी कॉलेजात जाऊन ज्याने हे लिहिले, त्याने आपल्यावरही लिहिले असते, पण आपली तुलना करायला दुसरे कुणी सापडले नसेल.

प्रबंध चाळायला सांगितलात, मी तो शब्दकोश घेऊन अक्षरशः चावून खाल्ला. मला उमगले ते असे. हंगेरीची माणसे छप्पन साली आपल्या देशातून जीव घेऊन पळाली. इंग्रजी येत नव्हते, हातात पिशवीसुद्धा नव्हती. त्यांच्यासाठी गावोगाव समित्या निघाल्या, घोंगड्या जमल्या, भाषेचे वर्ग लागले. (खाणीतल्या मजुरांनी मात्र काही ठिकाणी त्यांना खाली उतरू दिले नाही, हे तुम्ही प्रामाणिकपणे नोंदवले आहे. घोंगडी देणे सोपे, शेजारी उभे करणे अवघड.) वेस्ट इंडीजची माणसे मात्र बोलावलेली. पासपोर्ट त्याच राणीचा, भाषा तीच, देवळात म्हणायची गाणीसुद्धा तीच. तिथला सुतार इथे झाडू मारायला लागला, मास्तर तिकिटे फाडायला लागला, आणि राहायला खोली मागितली की दार बंद. शेवटी त्यांनी आपापसांत भिशी लावून जुनी घरे विकत घेतली. हे वाचून मला फार आनंद झाला, कारण भिशी ही वस्तू आपल्या बाजारपेठेबाहेरही माहीत आहे, याची मला कल्पना नव्हती. माझे तात्पर्य असे की रडत आलेला पाहुणा यजमानाला आवडतो, कारण त्याने यजमानाला थोर करून ठेवलेले असते. कामाला बोलावलेला पाहुणा भोंगा होईपर्यंतच हवा असतो. भोंग्यानंतर तो कुठे निजतो, हे कुणी विचारत नाही. हे तात्पर्य तुमच्या प्रबंधात नाही. घालायचे असल्यास घालावे, माझे नाव देण्याची गरज नाही (दिल्यास पूर्ण द्यावे).

आता मूळ गोष्ट. वसंत व्याख्यानमालेचे कार्यवाह पुंजाराम (तंबाखूची वखार असलेले, तुमच्या वेळी हे तिसरीत दोनदा होते) गेल्या आठवड्यात धापा टाकीत आले. पुण्याचे वक्ते पोट बिघडल्यामुळे येत नाहीत, माळेत एक मणी कमी पडतो आहे, 'गुरुजी, तुमच्यापाशी काही तयार हाय का?' माझ्यापाशी उपमा अलंकार तयार होता, पण तो त्यांनी गेल्या वर्षी ऐकला होता, आणि त्याचा परिणाम होऊन सभामंडप निम्मा रिकामा झाला होता, हेही त्यांना आठवत होते. म्हणून मी तुमचा प्रबंध पुढे केला. त्यांनी शीर्षक पेंटरला सांगितले. पेंटरच्या फळीवर एवढी अक्षरे मावेनात. त्याने अतिशय देखण्या वळणात रंगवले, 'वेस्ट इंडीज आणि हंगेरी : तुलना'. मागच्याच महिन्यात आपल्या मंडळींनी वेस्ट इंडीजला जाऊन क्रिकेटमध्ये त्यांना हरवले, त्याची नशा अजून गावावर आहे. तेव्हा कधी नव्हे ते मंडप भरला. कॉलेजची पोरे खांबांना लटकली. हंगेरीची गोलंदाजी कशी आहे, असे एकाने मला पायऱ्यांवरच विचारले. मी म्हणालो, बसा, येईलच. बायकांची बाजू नेहमीसारखी भरलेली होती. त्या विषय पाहून येत नाहीत, मांडीवर कापूस घेऊन वाती वळायला येतात, आणि वक्त्याची वेळ संपली की नाही हे वातींच्या ढिगावरून ओळखतात.

पहिली पंधरा मिनिटे पोरांनी धावफलकाची वाट पाहिली. मग मी सत्तेचाळिसाव्या पानावर आलो आणि सभा जिंकली. त्या पानावर तुम्ही गोऱ्या घरमालकिणींची उत्तरे दिली आहेत. मी ती आवाज काढून, मान वाकडी करून, साभिनय म्हणून दाखवली. 'अगबाई, खोली आत्ता सकाळीच गेली हो!' (हशा.) 'माझी मेलीची काही हरकत नाही, पण शेजारी...' (मोठा हशा.) 'आणि तुम्हालाच इथं करमायचं नाही.' (टाळ्या.) मग मी गंभीर झालो. आपल्या संस्कृतीत पाहुण्याचे स्थान काय, यावर आवाज चढवून एक संस्कृत वाक्य उच्चारणार, तोच बायकांच्या तिसऱ्या रांगेत दया सिस्टर बसलेल्या दिसल्या. वाती वळत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या, आणि शाळेत पाठांतर घेताना मी जसा मान डोलावतो तशी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या.

इथे मला चार दिवस मागे जावे लागेल. दया सिस्टर म्हणजे आपल्या दवाखान्यात नव्याने आलेल्या सुईणीचे शिक्षण घेतलेल्या नर्सबाई. राहुरीकडच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या, बत्तीस वर्षांच्या, बोलायला मऊ. वडील यशया मास्तर डोळ्यांनी अधू, त्यांना जवळ ठेवायचे आहे. बाळंतपणे एस.टी.च्या वेळापत्रकाप्रमाणे होत नसल्यामुळे नर्सने गावातच राहिले पाहिजे असा नियम आहे. वीस मेच्या आत गावातला पत्ता दिला नाही, तर त्यांची बदली पलीकडच्या अकोले तालुक्यात, डोंगरातल्या दवाखान्यात, जिथे आंधळ्या म्हाताऱ्याला पायऱ्या मोजायलाही कुणी शिकवणार नाही. सतरा घरे फिरून त्या आपल्या मागच्या खोलीपाशी आल्या. मी त्यांना ओसरीवर बसवले, पाणी विचारले (विचारले, दिले असे म्हणत नाही), आणि सांगितले की खोली सकाळीच गेली. माझी काही हरकत नव्हती, पण शेजाऱ्यांचे मन मोडवत नाही. शिवाय तुमच्या वडिलांना इथे करमायचे नाही. श्रीमंतराव, तोवर मी तुमचे सत्तेचाळिसावे पान वाचले नव्हते. बर्मिंगहॅमच्या कुणा बाईने माझी उत्तरे चोरली, असे मी कोर्टात शपथेवर सांगू शकतो. एक चौथे मी स्वतःच्या प्रतिभेने जोडले होते, की छप्पर गळते. एप्रिलमध्ये. संगमनेरात.

व्याख्यान संपले तेव्हा पुंजारामांनी शंका विचारण्याचे आवाहन केले. असे आवाहन दरवर्षी होते आणि लोक ते चपला शोधण्याची खूण समजतात. या वेळी दया सिस्टर उभ्या राहिल्या. अगदी नम्रपणे म्हणाल्या, 'सर, ते मालक शेजाऱ्यांची हरकत आणि गळकं छप्पर सांगतात ना, तर त्या शेजाऱ्यांना कुणी जाऊन विचारतं का हो कधी?'

मी तुमच्या प्रबंधात याविषयी काही आकडेवारी आठवते का ते पाहत होतो. पण पुढच्या रांगेतून आपल्या शेजारच्या गोजरबाई उठल्या. मांडीवरच्या सगळ्या वाती खाली सांडल्या. 'मला न्हाई बा इचारलं कुनी! चार दिसामागं ही तुमच्याच वसरीवर आल्ती न्हवं? काय वो गुरुजी, माजं नाव सांगितलं व्हय तुमी? आवं, माजी सून अडली तवा सारी रात ही बाई उशाला हुती. नातू हिच्या हातात पडला. आन मी हिला नगं म्हनीन?' मी काहीतरी म्हणायला तोंड उघडले. 'आनि छप्पर कशानं गळंल? पानी तर पडू द्या आधी!' सभेला आता मूळ विषय समजला. खांबावरून कुणीतरी ओरडले, 'गुरुजी बोल्ड!'

ती सभा मला तुमच्या शास्त्राच्या दृष्टीने फार उद्बोधक वाटली. घरी परतल्यावर मी स्वतःच थोडे संशोधन केले. हरकत नेमकी कुणाची होती? माझी नव्हती, मला वाटले होते तुमच्या ताईंची आहे. ताईंची नव्हती, त्यांना वाटले होते माझी आहे. गोजरबाईंचा जबाब वर आलाच आहे. शेवटी तपास तुमच्या कैलासवासी मातोश्रींपर्यंत पोचला. आडाची तांब्याची बादली आणि दोर फक्त सोवळ्यातल्या माणसाने उचलायचे, हा त्यांचा नियम. त्या जाऊन नऊ वर्षे झाली. तेव्हापासून बादली खुंटीला तशीच आहे, आम्ही दोघेही पत्र्याच्या डब्याने पाणी काढतो, आणि खुंटीखालून जाताना वाकतो. (माझी पाठ तिथेच धरली.) म्हणजे आपल्या घरात हरकत घेणारे कुणीच नाही, हरकत मात्र नऊ वर्षे बिनभाड्याने राहते आहे.

पण हे सारे ज्ञान मला उशिरा झाले. कारण सभेत मी तिकडे सत्काराच्या नारळाशी झटत असताना तुमच्या ताई वातींचे तबक बाजूला ठेवून उठल्या, तिसऱ्या रांगेत गेल्या, पदराच्या गाठीची किल्ली सोडली आणि दया सिस्टरच्या हातावर ठेवली. 'उद्या झाडून ठेवते. वडिलांना घेऊन या. आणि पाणी बादलीनं काढायचं, डब्यानं हात कापतो.' बस्स. त्यावर एकाही वक्त्याला मिळाल्या नसतील एवढ्या टाळ्या पडल्या. पुंजारामांनी आभार मानताना सांगितले की व्याख्यानाचा परिणाम व्याख्यान चालू असतानाच व्हावा, असे माळेच्या इतिहासात प्रथमच घडले. मी विनयाने मान खाली घातली. वर्तमानपत्राच्या बातमीदारालाही त्यातला बारकावा समजावून सांगितलेला नाही.

दया सिस्टर आणि यशया मास्तर कालच राहायला आले. मास्तर ओसरीवर बसतात, मला शाकुंतल माहीत आहे तितके त्यांना बायबल तोंडपाठ आहे, आणि मी चुकलो की तेही, न पाहता, ओळखतात. पाणी सध्या तांब्याच्या बादलीने निघते. काही आकाश कोसळले नाही. कोसळले असते तर निदान आड तरी भरला असता.

आपला प्रबंध मान्य होवो, गुडघे शाबूत राहोत, आणि वर्षाकाठी चार ओळींचा नियम मोडण्याची बुद्धी होवो.

आपला,
रंगनाथ

ता. क. : प्रबंधात तक्ता नऊमध्ये एका खोलीतल्या माणसांची बेरीज चुकली आहे. दया सिस्टरनी काढली. मी सगळी पाने त्यांच्या वडिलांना वाचून दाखवतो, तेव्हा त्या दारातून ऐकत असतात.

आणखी एक : पत्राचे खरे कारण आता लिहितो. दवाखान्याला नुसता पत्ता चालत नाही, घरमालकाचे सहीचे संमतिपत्र लागते, तेही वीस तारखेच्या आत. ताईंची किल्ली तिथे चालत नाही. घर तुमच्या वडिलांनी तुमच्या नावे केले, हे तुम्हाला ठाऊक आहे. गावातल्या नव्या मंडळींना मी ते कधी सांगितले नाही, आणि गोजरबाईंनी त्या दिवशी एवढ्या भर सभेत बाकी सगळे उघड केले तरी तेवढे मात्र झाकून ठेवले, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. दया सिस्टरना नाही म्हणालो ते पाण्यासाठी नव्हते, असे आता वाटते. कागद झाला की मालक कोण, हे विचारणार. आणि मग मी कोण, हेही विचारणार. फॉर्म सोबत जोडला आहे. विमानाच्या टपालाने पाठवावा. बोटीने पाठवाल तर म्हाताऱ्याला डोंगर चढावा लागेल.

शेवटचे : एकोणीसशे सत्तावन्न साली मी देवळाली प्रवराहून एक ट्रंक घेऊन इथे मास्तरकीला आलो. राहायला कुठे जागा नव्हती. तुमच्या वडिलांनी आधी ही मागची खोली दिली, आणि दोन वर्षांनी मुलगी. शेजाऱ्यांना त्यांनी विचारले नव्हते. फॉर्मवर तिसऱ्या ओळीत 'सध्या राहणाऱ्या इतर व्यक्ती व त्यांचा मालकाशी संबंध' असा रकाना आहे. बाकीचे सगळे मी सुवाच्य अक्षरात भरले आहे. तेवढा कोरा ठेवला आहे. तिथे तुम्हाला योग्य वाटेल ते तुम्ही लिहावे.