पाच खुणा शिराझ, दोन ग्रेनाश, एक माटारो

उरल्यासुरल्या बादल्या एकत्र ओतल्या की तिला मिसळलेली वाइन म्हणतात, असं माझा धाकटा भाऊ एर्विन मिबस गेल्या रविवारी चर्चच्या पायरीवर वीस माणसांत बोलला. वर म्हणतो, "ताई, सरकार द्राक्षाचे वेल उपटायचे पैसे देतंय. तुझं ग्रेनाश न् माटारो उपट, सही कर आणि मोकळी हो." मोकळी! ऑपरेशन माझं दोन जूनला, आणि हा आत्तापासूनच मला मोकळी करतोय. म्हणून हा कागद.

मी, व्हाल्डा गायर, माहेरची मिबस, वय छप्पन्न, राहणार एबेनेझर, बरोसा, शिक्षण चौथी, लिहून ठेवते की गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. कोणी बळजबरी केलेली नाही, करून बघावी. डॉक्टर म्हणतात बरी होशील. मलाही तसंच वाटतं, पुढची तोडणी मीच करणार. तरी कागद असावा.

१. घर, भांडी, कोंबड्या आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी ऱ्होंडा हिला. काकडीच्या लोणच्याची मोठी बरणी शेजारीण हिल्डाला द्यायची होती, पण साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही म्हणे. हिल्डा, उद्याच येऊन घेऊन जा. माझ्या काकड्या मऊ पडतात म्हणाली होतीस, ते विसरलेले नाही.

२. छाटणीच्या दोन्ही कात्र्या ऱ्होंडाला. धार स्वतः लावायची, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही.

३. बाबांनी जाताना शिराझचा मळा एर्विनला दिला, ग्रेनाश आणि माटारोचा मला. तेव्हापासून मी त्याचे वेल छाटते, तो मला त्याची द्राक्षं देतो, आणि मी तिन्ही मिळून वाइन करते. नुसती शिराझ म्हणजे एर्विन: काळीभोर, दणकट, मिरीचा ठसका, आली की खोली भरते, आणि मग तेच तेच बोलत बसते. ग्रेनाश ऱ्होंडासारखी, उन्हात तापलेल्या स्ट्रॉबेरीचा वास, पण उतावळी. माटारो तुरट, मातकट, जुन्या चामड्यासारखी. कोणाला आवडत नाही. ती मी. पण तो एक हिस्सा पडला की बाकीच्या दोघी ताठ बसतात, आणि घोट गिळला तरी चव जिभेवरून उठत नाही.

४. एर्विन, आता ऐक. ईस्टरला माझ्याकडे मटणाबरोबर तीन पेले रिचवलेस आणि पाहुण्यांना म्हणालास, "बघा, ही अस्सल शिराझ! हिच्यात दुसरं काही चालायचं नाही!" ऱ्होंडा हसू दाबायला मागच्या दारी पळाली. ती मिसळलेलीच होती. पाच, दोन, एक. मापली तुझ्याच तान्हेपणच्या दुधाच्या बाटलीने, तिच्यावरच्या आठ खुणांनी, बाबा मापायचे तशीच.

५. म्हणून ग्रेनाशचा मळा ऱ्होंडाला, आणि माटारोचा एर्विनला. हो, तुलाच. अट एकच: आजोबांनी लावलेला एकही वेल उपटायचा नाही. दर तोडणीला शिराझ आणि माटारोची द्राक्षं ऱ्होंडाला द्यायची, ती तुझे वेल छाटील आणि वाइन करील. "पोरी, पिंपं धुण्याला वाइन करणं म्हणत नाहीत," असं बोललास, तेव्हापासून दोन वर्षं ती तुला बघून रस्ता ओलांडते. तिच्या हातची चव माझ्यापेक्षा चांगली आहे. मी तिला सांगितलेलं नाही, इथे वाचेल.

६. मिसळायचं माझ्याच टेबलावर, मामा-भाचीने समोरासमोर बसून. पाच-दोन-एक बदलावंसं वाटलं तर खुशाल बदला, पण दोघांनी चाखून.

७. एर्विनला हे नको असेल तर माटारोही ऱ्होंडाला, आणि त्याला दुधाची बाटली, रिकामी.

सही: व्हाल्डा गायर
साक्षीदार: हिल्डा रोरलाख, शेजारीण, नॉर्मन ओब्स्ट, पोस्टमास्तर. दोघांनी सही माझ्यासमोर केली, वाइन नंतर घेतली.
एबेनेझर, सोमवार, १२ मे १९८६

ता.क. एर्विन, नक्कल नॉर्मनच्या हाती पाठवतेय. ऑपरेशनला जाण्याआधी मला उत्तर हवं. रविवारी पंचवीस तारखेला, चर्च सुटलं की माझ्या स्वयंपाकघरात ये. ऱ्होंडा असेल, दुधाची बाटली टेबलावर असेल. हो की नाही ते तिच्या तोंडाकडे बघून सांग. चिठ्ठी पाठवलीस तर चुलीत घालीन. आणि ये बाराच्या आत.