बारा वर्षे पूर्ण झाली असे धरू नये म्हणून

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : माझ्या भाचीस लहान मुलांच्या विभागात परत घेण्याबाबत.
संदर्भ : माझे सोमवार, मंगळवार व बुधवारचे अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात शिलाईला आहे. शाळा चौथीपर्यंत, पुढचे शिक्षण बांधायला आलेल्या पुस्तकांवर झाले, तरी भाषेतले उणेअधिक सांभाळून घ्यावे.

१. भाचीला आई नाही, मी आहे. गुडघ्याच्या जखमेतून जंतू हाडात गेले व तिथून रक्तात. लहान मुलांच्या संसर्गाचे तज्ज्ञ डॉक्टर मंगळवारी व शुक्रवारी येतात. त्यांनी एकवीस दिवसांचे इंजेक्शन ठरवून मला बजावले, "मावशी, एका दिवसाचाही खंड नको." बाराव्या दिवशी, रविवारी, ताप उतरला. तिने खायला मागितले व मला म्हणाली, तुझे केस किती पिकले गं.

२. सोमवारी तिला कागदोपत्री बारा वर्षे पूर्ण झाली. सकाळी आठला तिला वरच्या मजल्यावर मोठ्या बायकांच्या वॉर्डात नेले. तिचे वजन एकवीस किलो आहे. अर्धी खाट रिकामीच असते; शेजारच्या आजी तिथे आपली पिशवी ठेवतात. वरचे डॉक्टर भले आहेत, पण त्यांच्याकडे ते इंजेक्शन येत नाही, दुसरे देतात. मंगळवारी मी तज्ज्ञांना जिन्यात गाठले. ते म्हणाले, "अधीक्षकांची सही आणा, मी धावत वर येतो." ताप परत आला आहे. कालपासून ती मला आई म्हणते. एरवी मावशी म्हणते.

३. आता माझा गुन्हा. ती बारा वर्षांची नाही. शाळेत घालताना मी तिचे वय नऊ महिने वाढवून सांगितले. सहा पूर्ण लागत होती, आणि मी कामावर गेल्यावर तिला बघायला कोणी नव्हते. मुलगी हुशार, खपून गेली. जन्म घरी झाला. सुईण आता हयात नाही.

४. खिडकीवरचे कारकून म्हणाले, "बाई, कागद म्हणेल ते वय." हाडाच्या एक्स-रेवरून वय ठरते, हेही त्यांनीच सांगितले. त्या एक्स-रेच्या चिठ्ठीवर लहान मुलांच्या डॉक्टरांची सही लागते. ते डॉक्टर बारा वर्षांवरील रुग्णाच्या कागदावर सही करू शकत नाहीत. हे मी तीनदा समजावून घेतले. तिसऱ्या वेळी कारकुनांनाही वाईट वाटले. त्यांनी बसायला स्टूल दिले.

५. उद्या शुक्रवार. तज्ज्ञ अकराला खाली येतात. त्यांच्यात व तिच्यात बावीस पायऱ्या आहेत. मी तिला उचलून नेऊ शकते, पण शिपाई म्हणतात, वरचा रुग्ण अधीक्षकांच्या सहीशिवाय उतरत नाही.

तरी विनंती की, खोट्या वयाची शिक्षा मला करावी व तिचे नऊ महिने तिला परत द्यावेत. तेवढे जमत नसेल तर नऊ दिवस द्यावेत. इंजेक्शनचे तेवढेच राहिले आहेत.

आपण सोमवारपर्यंत दौऱ्यावर आहात असे कळले. अर्ज तरी देऊन ठेवते.

आपली नम्र,
(सही)
रुग्णाची मावशी

गुरुवार, खिडकी बंद होण्यापूर्वी

सोबत :
१) आधीच्या तीन अर्जांची पोच.
२) दुधाचा दात, एक. मंगळवारी पडला. हा पुरावा धरता येत नाही असे सांगण्यात आले, तरी जोडला आहे. पाहून परत करावा. शुद्धीवर आली की ती मागेल.