निवाडा टाकायचा कुठे?

१९ डिसेंबर २०२४
तिवसा. खुशालरावांचा संत्र्याचा बगीचा. फळं व्यापारी नासिरभाईंनी घेतली, तोड झाली – आणि ठिबकचं पाणी सुरूच होईना! दोघांनी मिळून मला लवाद नेमलं. "तुमी पेपरात होते, दोन्ही बाजू छापत होते."

करार कागदावर नाही, ब्लॉकचेनवर. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट. अटी कोड स्वतःच अमलात आणतो. तोड सुरू – पाणी बंद. तोड पूर्ण – व्हॉल्व्ह आपोआप उघडणार. उघडत नाही. का, ते कोणालाच सांगता येत नाही. मग भांडा एकमेकांशी!

निघताना खुशालरावांच्या पत्नीने, मैनाबाईंनी, संत्र्यांची पिशवी हातात कोंबली. "घरची हायेत, इकायची नाईत. पाहुणा रिकामा जात नाई." सकाळीच लिहून दिलं होतं, कोणाकडून काही घेणार नाही म्हणून. घेतली.

३० डिसेंबर
अकोला. करार बनवणाऱ्या कंपनीतल्या प्रणाली नावाच्या मुलीने कारण शोधलं. प्रत्येक झाडाला बिल्ला. प्रत्येक बिल्ल्याचं फळ काट्यावर चढलं पाहिजे. एका झाडाचं चढलंच नाही. ते घरचं झाड! बगीचा दिला तरी एक झाड मालक घराला राखतो. कोणी बोलूनही दाखवत नाही. व्यापारी त्याला हात लावत नाही, संपलं. बिल्ला मात्र लागला.

"मग व्हॉल्व्ह तुम्हीच उघडा."
"आमच्याकडे किल्ली नाही, काका. कोड एकदा सोडला की आमचाही राहत नाही."

३ जानेवारी २०२५
घरच्या झाडावर एक फळ नाही. खाल्लं, वाटलं.

खुशालराव: "तुमच्या माणसानं बिल्ला लावला काहून?"
नासिरभाई: "तुमी तं बाजूलेच उभे होते! त्याले पाणी पाजून रायले होते!"

पाइप कापला तर करारभंग. मग पुढचा बहार आपोआप ऑनलाइन लिलावात. घेणारा कुठला असेल, देव जाणे.

जाताना नासिरभाई हळूच म्हणाले, "साहेब, बाजारातलं एक संत्रं ठेवू का काट्यावर? मशीनले काय समजते!" नाही म्हटलं. खोटी नोंदच करायची तर लवाद कशाला हवा?

७ जानेवारी
निवाडा दिला. मुदतीच्या आत. तोड पूर्ण झाली आहे, पाणी सुरू करावं. दोघांनी मुकाट सह्या केल्या – आता भांडणसुद्धा उरलं नाही!

प्रणालीचा फोन. "निवाडा छान आहे, काका. पण टाकू कुठे? कोडमध्ये तशी जागाच ठेवलेली नाही."

पेपरात जागा नसली की मजकूर कापायचो. इथे कापू काय? कोर्टाचा हुकूम आणला तरी बजावायचा कोणावर!

१४ जानेवारी
संक्रांत. बायकोने, जयवंताने, तीळगूळ हातावर ठेवला. म्हणाली, "आज तरी गोड बोला." जमलं नाही.

१६ जानेवारी
विहिरीची मोटरही त्याच कुलपात. शेजारच्या विहिरीवरून बादल्या चालल्या आहेत. नासिरभाईंची माणसंही उचलतात. खुशालरावांनी बांधाकडची फांदी वाकवून दाखवली – कट्‌कन मोडली. "हे झाड गेलं. बाकीचे आठ-दहा दिवस काढतीन."

मैनाबाई चहा देऊन गेल्या. दारात थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, बोलल्या नाहीत. माझा राग आला असेल. मलाही आला आहे.

१७ जानेवारी
जयवंता फ्रिज आवरत होती. "तिवस्याच्या पिशवीतलं हे एक मागे राहिलं. सुकलं पार. टाकून देऊ?"

१८ जानेवारी
काट्याने घेतलं. पाणी आलं.

मैनाबाई म्हणाल्या, "त्या झाडाची शेवटची तुमालेच देल्ली होती. तुमचं नाव खराब होईन म्हून चुप रायली."

नोंदीत एक रकाना होता – फळ कोणाकडे होतं?

माझं नाव लिहिलं.